शाईचं जनावर

आधी वाटतं, कुणाच्या तरी हातून दौत लवंडली. मग त्या तपकिरी ओघळांतून एक फुगीर, लिबलिबीत डोकं वर येतं, खालून भुजा सुटत जातात, भुजांवर चूषकांचे गोल उमटतात, आणि इतका वेळ ज्याला डाग म्हणत होतो ते कागदावरून आपल्याच दिशेनं सरकू लागतं. ऑक्टोपस. व्हिक्टर ह्यूगोनं 1866च्या सुमारास काढलेलं हे चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. माझ्यापुढे त्याची छापील प्रत आणि एक भिंग.

भिंगाखाली पाणी दिसतं. कधीच वाळून गेलेलं. जिथे ते थांबलं तिथे शाईची गडद कड साचली आहे, ओहोटीनंतर वाळूवर उरते तशी. जिथे कुंचला नुसताच ओला फिरला तिथे रंग इतका विरळ की खालच्या कागदाचा उजेड त्या जनावराच्या अंगातून झिरपतो. 'ला मिझराब्ल' लिहिणाऱ्याचा हा फावल्या वेळचा नाद. 1860 साली कवी बोदलेअरला धाडलेल्या पत्रात तो सांगतो, की लेखणीच्या शाईत आपण कोळसा, काजळी, सेपिया असं काय काय कालवतो. सेपिया म्हणजे मुळात माकुळाच्या पोटातली शाई. कोकणात माकुळं साफ करणाऱ्या बायकांची बोटं काळी करते ती. दर्यातला जीव दर्यातल्याच जिवाच्या शाईत भिजावा, ही कल्पना मनातून जात नाही.

दर्या तर भोवतीच होता. तिसऱ्या नेपोलियनशी वैर पत्करून ह्यूगो गर्न्सी बेटावर परागंदा होऊन राहत होता. उठता-बसता तेच करडं, खारं, उसळतं पाणी. त्याच्या कितीतरी आधी, 1843 मध्ये, सेन नदीत होडी उलटून त्याची लेक लेओपोल्दीन बुडाली होती. 19 वर्षांची, त्याच वर्षी लग्न झालेली. बापाला हे कळलं प्रवासात, वर्तमानपत्रातून. असा माणूस कोऱ्या कागदावर पाणी सोडतो तेव्हा त्याच्या आत काय हलत असेल, हे विचारू नये.

मी विचारतेच.

सगळ्यात जास्त रेंगाळते ती भुजांच्या वळणांपाशी. त्या वळता वळता व्ही होतात, एच होतात. सहीसाठी त्यानं कोपरा शोधलेला नाही. अक्षरांनीच विळखा घातला आहे. 1866 मध्येच आलेल्या त्याच्या समुद्राच्या कादंबरीत नायक सुरीनं या जनावराला ठार करतो. कादंबरीत मारलं आणि चित्रात त्यालाच आपलं नाव दिलं. दोहोंतलं चित्रच मला जास्त खरं वाटतं.