पीटर्सबर्गचा पिवळा

व्याजाने पैसे देणाऱ्या अल्योना इव्हानोव्हनाची खोली दस्तयेवस्कीने 'क्राइम अँड पनिशमेंट'मध्ये मावळतीच्या उन्हात दाखवली आहे. भिंतींना पिवळा कागद, फर्निचर जुनाट आणि पिवळ्या लाकडाचं, दोन-तीन स्वस्तातली चित्रं आणि त्यांच्या चौकटीही पिवळ्याच. तिचा खून करायचं मनात घेऊन रस्कोलनिकोव अंदाज घ्यायला येतो तेव्हा खोली उन्हाने उजळलेली असते, आणि 'त्या वेळीही' असंच ऊन असेल, असं त्याच्या मनात येऊन जातं. या परिच्छेदापाशी मी दरवेळी थांबतो. पिवळ्या भिंतीवर पिवळं ऊन पडलं की वस्तूंच्या कडा हरवतात, डोळ्याला टेकायला दुसरा रंगच मिळत नाही. खून अजून झालेला नाही, पण माणसाला बाहेर पडायला वाट नाही हे रंगाने आधीच सांगून टाकलं आहे.

पुस्तकांची मुखपृष्ठं करणं हा माझा व्यवसाय. 'क्राइम अँड पनिशमेंट'चा विषय निघाला की कोणीतरी विचारतंच, यातला पिवळा नेमका कशाचं प्रतीक? उत्तरंही तयार असतात. पिवळा म्हणजे वेड, कारण पीटर्सबर्गमध्ये वेड्यांच्या इस्पितळाला लोक 'पिवळं घर' म्हणत. पिवळा म्हणजे आजार, कारण गुत्त्यात भेटणाऱ्या मार्मेलादोवचा दारूने सुजलेला चेहरा पिवळा, हिरवटच म्हणावा असा. दोन्ही खरं आहे. पण चित्र काढायला बसलं की असं उत्तर हाताला काही देत नाही. प्रतीक म्हणून ठरवलेला रंग झेंड्यावर शोभतो. कादंबरीतला रंग वस्तूंना चिकटलेला असतो, आणि त्याचा अर्थ कोणकोणत्या वस्तूंना तो चिकटला यावर ठरतो.

म्हणून मी वस्तू बघतो. रस्कोलनिकोवच्या माळ्यावरच्या खुराड्यात भिंतीवरून सुटत चाललेला, धुळकट पिवळा कागद. मार्मेलादोवच्या मुलीच्या, सोन्याच्या खोलीतही पिवळसर, घासून विटलेला, कोपऱ्यांत काळवंडलेला कागद. पोलीस कचेरीत रस्कोलनिकोव बेशुद्ध पडून सावध होतो तेव्हा समोर पिवळट ग्लास, त्यात पिवळट पाणी. तपास करणाऱ्या पोर्फिरीच्या दालनात पॉलिश केलेल्या पिवळ्या लाकडाचं सरकारी फर्निचर. पैशाच्या जोरावर रस्कोलनिकोवच्या बहिणीशी लग्न करू पाहणाऱ्या लुझिनच्या बोटात पिवळ्या खड्याची अंगठी. मारणारा, मरणारी, पोलीस, धनवान, गरीब, सगळ्यांच्या अवतीभवती एकच रंग. खुनी आणि त्याची शिकार एकाच रंगाच्या भिंतींत राहतात, ही गोष्ट लेखक एकदाही बोलून दाखवत नाही. पुन:पुन्हा तोच रंग लावत जातो, बस. ही कारागिरी मला कुठल्याही प्रतीकापेक्षा मोठी वाटते.

आणि मग ते पिवळं तिकीट. पीटर्सबर्गमध्ये 1843पासून वेश्याव्यवसायाची सरकारी नोंद सुरू झाली. नोंद झालेल्या बाईचा पासपोर्ट काढून घेत आणि बदल्यात पिवळं तिकीट देत. सोन्याजवळ ते आहे, हे तिचा बापच दारूच्या गुत्त्यात एका अनोळखी तरुणाला सांगतो. पहिल्या रात्री ती घरी येते, सावत्र आईपुढे 30 रूबल न बोलता ठेवते, घरातली मोठी हिरवी शाल डोक्यावरून ओढून भिंतीकडे तोंड करून पडते. इथे पिवळा रंग लेखकाने निवडलेला नाही, सरकारने निवडलेला आहे. दस्तयेवस्कीने तो कागद उचलला आणि भिंतींपर्यंत, पाण्यापर्यंत पसरत नेला, असं मला वाटतं. मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडेही पिवळं रेशनकार्ड आहे. त्यावर धान्य मिळतं, सोन्याच्या तिकिटावर तिचं होतं नव्हतं तेवढं नाव जातं, हा फरक फार मोठा आहे. पण कागदाच्या रंगावरून माणूस ओळखला जातो म्हणजे काय, हे रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्याला नीट कळतं.

या कादंबरीचं मुखपृष्ठ करताना माझी खरी अडचण वेगळीच आहे. आपला पिवळा आधीच भरलेला आहे. हळदीच्या अंगाचा, जेजुरीच्या भंडाऱ्याचा, झेंडूच्या तोरणाचा. छपाईत पिवळ्यात दहा-पंधरा टक्के मॅजेंटा गेला की तो थेट लग्नघरात जाऊन उभा राहतो. मॅजेंटा काढून किंचित सायन घातला तर लिंबाचा तजेला येतो, तोही नको. काळा घालून मळवावा तर पिवळा हिरवा पडतो, शेवाळासारखा. मळलेला पिवळा हवा असेल तर थोडा मॅजेंटा आणि थोडा सायन दोन्ही हवेत, म्हणजे जांभळ्याची पुसट छटा, पिवळ्याचा विरोधी रंग. तो पिवळ्याला आतून विझवतो. वर ग्लॉस लॅमिनेशन नको, मॅट हवं, नाहीतर विझवलेला रंग पुन्हा चमकायला लागतो. एवढं केल्यावर जे हाती येतं ते पीटर्सबर्गच्या जवळ जातं: जुलैच्या उकाड्यात कोंडलेल्या, चुन्या-धुळीच्या वासाच्या रस्त्यांचा रंग. ही कादंबरी 1866 साली मासिकातून छापून येत होती तेव्हा दस्तयेवस्की पीटर्सबर्गमधल्या सेनाया बाजाराजवळच्या, कादंबरी घडते त्याच गल्ल्यांत राहत होता.

आकार कोणता, हे रस्कोलनिकोवच्या बहिणीच्या मागे लागलेल्या स्विद्रिगाइलोवच्या शेवटच्या रात्रीने मला सुचवलं. हॉटेलच्या त्याच्या खोलीतला कागद इतका झिजलाय की रंग पिवळा एवढं ओळखू येतं, नक्षी मात्र अजिबात नाही. सकाळी तो स्वतःवर गोळी झाडून घ्यायला निघतो तेव्हा वाटेत भडक पिवळी लाकडी घरं उदास, घाणेरडी दिसत असतात. या कादंबरीच्या मुखपृष्ठांवर कुऱ्हाड फार वेळा येते. मी ती काढणार नाही. नक्षी गेलेली भिंत पुरेशी आहे, आणि ती कडेपासून कडेपर्यंत हवी, कुठेही पांढरी मोकळी जागा न सोडता. नाव त्या भिंतीवरच, काळ्या अक्षरांत.

प्रश्न हिरव्याचा उरतो. उपसंहारात सैबेरियातल्या रुंद नदीकाठी सोन्या शिक्षा भोगणाऱ्या रस्कोलनिकोवशेजारी येऊन बसते तेव्हा तिच्याकडे हिरवी शाल आहे. मी ती पहिल्या रात्रीचीच धरतो. तिथे पलीकडे उन्हाने भरलेला माळ आहे, पण त्या उन्हाला लेखक पिवळं म्हणत नाही. एवढ्या पानांनंतर रंग बदलतो, आणि तो बदल जाणवायला आधीचा कोंडमारा सोसलेला असावा लागतो. प्रकाशक म्हणतात, कोपऱ्यात थोडा हिरवा टाका, मुखपृष्ठ उठेल. उठेल, यात शंका नाही. पण तो हिरवा वाचकाने चालत जाऊन गाठायचा आहे, दुकानातल्या फळीवर त्याला तो आयता मिळता कामा नये. मुखपृष्ठावर, पाठीवर, कण्यावर, कुठेच मी तो येऊ देणार नाही.