आमचा जैसे-थे पक्ष

बी.कॉम.च्या पुस्तकात लेखाशास्त्राचं एक तत्त्व होतं. मराठीत त्याला सावधगिरीचं तत्त्व म्हणतात आणि इंग्रजीत कॉन्झर्व्हेटिझम. अर्थ सोपा. होईलसा वाटणारा नफा जमेस धरू नका, होईलसा वाटणारा तोटा मात्र आधीच तरतुदीत दाखवा. बरोबरीच्या मुलांनी हे परीक्षेपुरतं पाठ केलं आणि पेपर देऊन बाहेर येताच विसरून टाकलं. माझ्या मात्र ते अंगात मुरलं. नवी चप्पल घेतली तरी जुनी वर्षभर माळ्यावर ठेवतो. न जाणो, नवी चावली तर? लग्नाचं आमंत्रण आलं की आधी आहेराची तरतूद करतो. जेवण मिळेलच असं धरून चालत नाही.

हळूहळू हेच माझं राजकारण झालं. लोक अशा माणसाला सनातनी, पुराणमतवादी किंवा प्रतिगामी म्हणतात. मी सोवळं नेसत नाही, मुलीला शिकवतो, शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकावत नाही; तेव्हा ते शब्द मला लागू पडत नाहीत. माझा पक्ष जैसे-थे पक्ष. सभासद एक, घोषणापत्र एका ओळीचं: चालू गोष्ट बदलायची असेल तर बदलणाऱ्याने आधी कारण द्यावं, आणि तोटा कुणाच्या खात्यात पडणार ते लिहून द्यावं. एवढंच. पण बँकेत बदल्या होतात हो! मत तेच घेऊन मी गावोगाव फिरलो आणि प्रत्येक गावाने त्याच मतावर वेगळा शिक्का मारला.

सुरुवात चंद्रपूरपासून. इथे टपरीवर चहा उकळायला लागला की त्याबरोबर वेगळा विदर्भही उकळतो. एकदा मी एवढंच म्हटलं, की राज्य आहे ते चालू द्या, घाई काय आहे?

“म्हणजे तुम्ही तिकडचे!” टपरीवाले काका म्हणाले.

“काका, माझे आजोबा इथलेच.”

“आजोबा इकडचे असतीन. तुम्ही तिकडचे होऊन राहिले.”

मग मला इतिहास ऐकवला गेला. फाजल अली आयोगाने १९५५ साली विदर्भाचं वेगळं राज्य करावं अशी शिफारस केली होती. औष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट; कोळसा इथला, राख इथली, उन्हाळा तर इथलाच, आणि वीज जाते तिकडे. आता हिशेबनीस म्हणून सांगतो, हा मुद्दा वजनदार आहे. नफ्याची नोंद एका शाखेत आणि तोट्याची दुसऱ्या शाखेत, हे कुठलाही ऑडिटर खपवून घेणार नाही. पण मी मान डोलावली तरी माझ्यावरचा शिक्का काही पुसला नाही. पुढे दोन वर्षं माझ्या चहात साखर कमी पडत होती.

नंतर विनंती बदली होऊन पुण्याला गेलो. वाटलं, इथे आपल्याला घरच्यासारखं वाटेल, कारण चंद्रपूरच्या हिशेबाने मी पुण्याचाच होतो! सोसायटीतल्या पहिल्याच गप्पांत एका गृहस्थांनी विचारलं, “चंद्रपूर म्हणजे नागपूरच ना?” मध्ये दीडशे किलोमीटर आहेत, हे मी नम्रपणे सांगितलं. “तेच ते,” ते म्हणाले. “तुम्हाला वेगळं राज्य हवंय.” मी म्हटलं, मला नकोय. पण २८ सप्टेंबर १९५३चा नागपूर करार आहे, त्यात विदर्भाला दिलेला शब्द आहे, तो पाळला जावा. सही केलेला कागद पाळणं यापेक्षा जुन्या वळणाची गोष्ट कोणती? शिवाय प्रादेशिक अनुशेष मोजणारी १९८४ सालची समिती पुण्याच्याच अर्थतज्ज्ञांची होती, वि. म. दांडेकरांची.

“पाहा!” गृहस्थ बायकोला म्हणाले. “अस्सल विदर्भवादी!”

अशा रीतीने एकाच मतावर चंद्रपुरात मी विदर्भद्रोही ठरलो आणि पुण्यात विदर्भवादी. मत बदलायला माझा एक पैसा खर्च झाला नव्हता.

परतल्यावर राजुऱ्याला नेमणूक झाली. ‘जैसे थे’ म्हणजे नेमकं कसं होतं, हा प्रश्न मला तिथे पहिल्यांदा पडला. पेन्शन घ्यायला एक आजोबा येत. जन्माला आले तेव्हा राजुरा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, जिल्हा आदिलाबाद. १९५६ साली राजुरा मुंबई राज्यात आलं, जिल्हा नांदेड. १९५९ साली जिल्हा चांदा झाला. १९६० साली राज्य महाराष्ट्र. पुढे चांद्याचं चंद्रपूर झालं. (रेल्वेचं चांदा फोर्ट स्टेशन मात्र अजून चांदा फोर्टच आहे. आमच्या पक्षाचं ते एकमेव कार्यालय समजा.)

“इतक्या वेळा गाव बदललं तुमचं?” मी विचारलं.

“मी कुठं बदललो बाबू? घर तेच, वट्टा तोच. सरकारंच येऊन जाऊन राहिली.”

जैसे-थे पक्षाचं आजीव सभासदत्व या गृहस्थांना द्यायला हवं होतं, पण त्यांनी केवायसीचा फॉर्म पाहूनच हात जोडले.

तिथून वर डोंगरावर जिवती तालुका. तिथे चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा, दोघेही हक्क सांगत आले आहेत. तिथल्या लोकांकडे दोन्हीकडची रेशनकार्डं, दोन्हीकडची मतदार ओळखपत्रं, गावात दोन भाषांच्या शाळा. २०२२ साली एका घराची बातमी आली होती, चार खोल्या महाराष्ट्रात, चार तेलंगणात. आम्ही याला दुहेरी नोंद पद्धत म्हणतो. त्या भागातल्या एका खातेदाराला मी म्हटलं, “सीमेचा एकदाचा निकाल लागायला हवा, नाही का?” तो घाबरूनच म्हणाला, “नको साहेब! चालून राहिलं ते चालू द्या.” आयुष्यात भेटलेला माझा पहिला शुद्ध पक्षबंधू!

मग गडचिरोली जिल्हा. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ला चंद्रपुरातून निघाला. माझ्या तत्त्वाला नवे जिल्हे मानवत नाहीत. पण सिरोंच्याचा माणूस काउंटरवर येऊन सांगतो, की जिल्ह्याच्या गावाला जाऊन काम करून परत यायचं तर दोन दिवस मोडतात, म्हणून अहेरी जिल्हा पाहिजे. तेव्हा माझं घोषणापत्रच त्याची बाजू घेतं. त्याने कारण दिलेलं असतं! उलट सिरोंच्यासमोर गोदावरीवर तेलंगणाने बांधलेला मेडीगड्डा बंधारा २०१९ साली सुरू झाला. मागे फुगलेलं पाणी इकडच्या शेतात शिरलं, आणि २०२३ साली बंधाऱ्याचे काही खांबच खचले. नफा आधी जमा धरला की असं होतं. तोट्याची तरतूद कुणी केली? ज्याची पऱ्हाटी बुडाली त्याने.

धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गाव आहे. तिथे ग्रामसभेचा निर्णय बहुमताने होत नाही, सर्वांच्या संमतीने होतो. एकाने जरी नको म्हटलं तरी थांबायचं. वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा परवाना. तोवर वाद काय होता? वनस्पतिशास्त्रात बांबू गवत आणि जुन्या वन कायद्यात झाड! इंग्लंडातल्या एडमंड बर्क नावाच्या पुढाऱ्याने १७९० साली मांडलं होतं, की समाज ही जिवंत, मेलेल्या आणि अजून न जन्मलेल्या माणसांची भागीदारी असते. आमच्या १९३२च्या भागीदारी कायद्यात वेगळा करार नसेल तर भागीदार मेला की फर्म संपते. मेंढ्याच्या लोकांनी तो वेगळा करार केलेला दिसतो.

मी कौतुकाने हे चंद्रपूरच्या मित्रांना सांगितलं. एकजण हळूच म्हणाला, “काय बे, डावा झाला काय तू?” गडचिरोलीत हा शब्द जपून वापरावा लागतो, बँकेच्या कारकुनाने तर फारच जपून. दुसरा म्हणाला, “विकासविरोधी आहे तो.” जंगल राखा म्हणणारा, म्हणजे ज्याला राखणारा या शब्दाचा मूळ अर्थ लागू पडतो असा माणूस, डावा! मी वाद घातला नाही. घरी येऊन शिक्क्यांच्या यादीत दोन वाढवले.

पण एक गोष्ट सांगायला हवी. एटापल्लीकडे सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघतं. डोंगरावर ठाकूरदेवाचं ठाणं आहे. लोक जत्रेला जातात. खाण नको म्हणणारे तिथलेच, आणि खाणीवर कामाला जाणारेही तिथलेच. एक पोरगा पासबुक भरून घ्यायला आला. पहिला पगार जमा झाला होता. मी आपला नेहमीचा मंत्र म्हटला: डोंगर एकदा गेला की परत येत नाही, आहे ते राहू द्यावं.

तो शांतपणे म्हणाला, “साहेब, तुम्हाले जैसे थे परवडते. तुमचा पगार जैसे थे येते ना एक तारखेले. आमचं जैसे थे म्हणजे बेकारी.”

मी त्याचं पासबुक छापून दिलं. मशीनने आवाज जरा जास्तच केला.

तेव्हापासून घोषणापत्राच्या दुसऱ्या कलमाकडे मी जास्त पाहतो. तोटा कुणाच्या खात्यात पडणार ते लिहून द्यावं, हे बदलणाऱ्याला विचारायचं, तसंच न बदलणाऱ्यालाही विचारायला हवं. डोंगर गेला तर ठाकूरदेवाच्या जत्रेचा तोटा; राहिला तर या पोराच्या पगाराचा. लेखाशास्त्राच्या पुस्तकात दोन्हींची तरतूद एकदम कशी करायची ते दिलेलं नाही. तो धडा बहुधा पार्ट टूला असावा.

मध्यंतरी एका रविवारी मी सगळे शिक्के दोन बाजूंना मांडून पाहिले. विदर्भद्रोहीसमोर विदर्भवादी, प्रतिगामीसमोर डावा, तिकडचासमोर इकडचा. बेरीज बरोबर आली. ट्रायल बॅलन्स जुळला. त्या पोराची नोंद तेवढी अजून सस्पेन्स खात्यात पडून आहे.