दुखरा खांदा आणि ससा

शिकार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मचाण, वाघ आणि झुपकेदार मिशा येतात. सशामागे जाणाऱ्याला शिकारी म्हणावे, असे कोणाला वाटत नाही. आपल्याकडे तर १९७२ च्या कायद्याने रानसशाची शिकार बंदच आहे. इंग्लंडात मात्र ससा म्हणजे पिकाचा वैरी. त्याला मारण्याचा हक्क १८८० च्या कायद्याने कुळालाही दिला. १९५३ साली मिक्सोमॅटोसिसची साथ आली, ससे भराभर मेले. पण उरलेल्यांनी पुन्हा शेते गाठली.

तिथल्या मुक्कामात माझा डावा खांदा निखळला. तो जागेवर बसल्यावर शेजारच्या शेतकऱ्याने हवाई बंदूक पुढे केली. स्प्रिंगच्या बंदुकीची नळी दर बाराला वाकवून ताणावी लागते. ते मला जमेना. म्हणून कोंडलेल्या हवेची घेतली आणि फाटकावर टेकवली. तिथे विनापरवाना मिळणाऱ्या या बंदुकीची शक्ती १२ फूट-पौंडांच्या आतली. तेव्हा ससा जवळ येऊ द्यावा आणि नेम डोक्यावरच धरावा. अंगात छर्रा घेऊन तो निसटला, तर बिळात तळमळत मरतो.

खांद्यात कळ आली की नेम डोक्यावरून पाठीवर घसरे. तळमळत रात्र काढणे म्हणजे काय, हे मला नुकतेच कळले होते. मी चापावरचे बोट काढले.

“गेला की!” शेतकरी पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी त्याचा कोबी कुरतडलेला होता. मी पैसे देऊ केले. ते त्याने घेतले नाहीत. बंदूक मात्र परत घेतली!