वळणावरचा शंकू

साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटात एका धावकमंडळाने अर्धमॅरेथॉन योजिली होती. मदतनीस म्हणून मीही नाव दिले. परतीच्या वळणावर, रस्त्यावरील रंगाच्या खुणेवर शंकू ठेवून तेथे उभे राहणे, हे माझे काम. पहाटेच पाऊस कोसळू लागला. दहा पावले अलीकडे एक डेरेदार झाड होते. शंकू त्याखाली आणून मी आडोशाला उभा राहिलो. कोणाला कळणार होते?

थोड्याच वेळात मार्ग तपासत मंडळाचे वृद्ध प्रमुख आले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाळ, ही शर्यत २१,०९७.५ मीटरांची. एक पाऊलही कमी पडू नये, म्हणून मोजताना प्रत्येक वळण आतल्या कडेने धरतात. तुझ्यामुळे जाताना दहा अन् येताना दहा पावले कमी झाली. सर्वांचीच धाव अपुरी ठरेल!"

मी खाली मान घालून शंकू खुणेवर नेला आणि भिजत तेथेच उभा राहिलो. सर्वांत शेवटी एक आजोबा धापा टाकीत आले. शंकूला पूर्ण वळसा घालून ते उतरणीला लागले. पदक मला मिळणार नव्हते. परंतु त्यांची वीस पावले मी राखली होती.