आक्कांचा भोपळा

शाळेतून निवृत्त होऊन मला अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत परसात मोगरा, कढीपत्ता, अळू असं बरंच काही लावलं, पण पावसाळ्यात भोपळ्याचा वेल काही जमला नाही. चार पानं यायची आणि आषाढात सगळं कुजून जायचं. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. "इथल्या पावसात भोपळा होतच नाही," असं मी सगळ्यांना ठासून सांगत असे. सांगायची सवयच ना, शिक्षिकेची!

खरं तर माझ्या थोरल्या जाऊबाई, आक्का, गावच्या घरी दरवर्षी न्हाणीघराच्या कौलांवर वेल चढवून लाल भोपळे घेत. शिक्षण चौथीपर्यंत. दसऱ्याला आम्ही गेलो की निघताना एक भोपळा पिशवीत आणि बियांची पुरचुंडी माझ्या हातात. "मास्तरीणबाई, राखेत घोळवून ठेवल्येत, टिकतील. पण आळं करू नको हो, ढीग कर." मी मान हलवायचे. पुरचुंडी कपाटात पडायची आणि मी पुस्तकात बघून आळं करायचे. चौथी शिकलेल्या बाईला काय विचारायचं, असं तोंडाने कधी बोलले नाही. मनात मात्र होतं, ते आज इथे कबूल करते.

आक्का यंदा माघात गेल्या.

जूनच्या सुरुवातीला कपाट आवरताना त्यांची शेवटची पुरचुंडी सापडली. अकरा बिया. मृग लागला तशा त्यातल्या पाच मी सवयीने आळ्यातच लावल्या. आठ दिवसांनी उकरून पाहिलं, तर गाळात नुसती टरफलं. उरल्या सहा. गावच्या घरी आता वेल लावणारं कुणी नाही, म्हणजे आक्कांचं बी एवढंच. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी वही घेऊन बसले आणि त्यांचं एकेक वाक्य आठवून लिहून काढलं. चाळीस वर्षं त्या बोलत होत्या, मी पहिल्यांदा उतरवून घेत होते.

पहिलं, ढीग. माती, थोडी वाळू आणि कुजलेलं शेणखत घालून हातभर उंच ढिगारे केले. पाणी उतरून जातं, मुळांना हवा मिळते. पावसात वेल मरतो तो बहुधा मुळं गुदमरून. सहापैकी चार बिया उगवल्या, एक रोप गोगलगायींनी खाल्लं, तीन तगली.

दुसरं, वारा. "यांनी" बांबूचा मांडव घालून दिला. जमिनीला टेकणारी पानं मी काढून टाकली, पण पाऊस उघडल्यावर, पानं कोरडी असताना. ओल्या वेलाला हात लावला की रोग हातावरून सगळीकडे जातो. पुनर्वसूत काही पानांवर केवड्याचे पिवळे डाग दिसले. ती पानं लगेच काढून लांब नेऊन टाकली.

श्रावण आला तशी फुलं आली. आधी नुसती नरफुलं. मग मादीफुलं, देठाशी इवलासा भोपळा घेऊन. तीन पिवळी पडून गळाली. पावसात मधमाश्या फिरकत नाहीत आणि फूल दुपारच्या आत मिटतं. तेव्हा वहीतलं वाक्य आठवलं, "पाऊस असला की लग्न आपणच लावायचं." परागीभवन मी मुलांना फळ्यावर आकृती काढून वर्षानुवर्षं शिकवलंय, पण केलं कधीच नव्हतं! सकाळी सात वाजता हे छत्री धरून उभे, आणि मी नरफुलाच्या पाकळ्या काढून त्याचा पराग मादीफुलाला लावतेय. नंतर पाणी शिरू नये म्हणून फुलाचं तोंड दोऱ्याने अलगद बांधलं. शेजारच्या मंडळींना वाटलं असणार, म्हातारा-म्हातारीला काहीतरी झालं!

पाच फळं धरली. फडक्याची पिशवी बांधायला उशीर केला, म्हणून दोन फळमाशीने नासली. उरलेल्या तिघांना जुन्या लुगड्याच्या झोळीत टांगलं. लुगडं आक्कांचंच.

अश्विनात देठ वाळला, सालीत नख रुतेना, तेव्हा काढले. एक गावच्या घरी पुतण्याकडे दिला. त्याने हातात घेऊन नुसता फिरवून फिरवून पाहिला, बोलला काही नाही. एक माळ्यावर ठेवलाय. तिसरा चिरला, त्याचे घारगे केले. चव तीच.

बिया धुऊन, राखेत घोळवून सावलीत वाळवल्या. काल पुरचुंड्या बांधल्या, भाच्या-पुतण्यांना प्रत्येकी एक. कुणी लावतील, कुणी माझ्यासारखे कपाटात टाकतील. म्हणून प्रत्येकीत एक चिठ्ठी घातली आहे. "आळं करू नको हो, ढीग कर." खाली सही आक्कांची घातली.