कडब्याचा शेकडा

शंभर म्हणजे शंभर, ही समजूत फक्त बँकेत टिकते. शंभर नोटांचे पॅकेट, दहा पॅकेटांचे बंडल; त्यात एकही नोट दुसरीपेक्षा लठ्ठ नसते. सोलापूरकडे कडबाही शेकड्यानेच विकतात. पण तिथली पेंढी बांधणाऱ्याच्या कवेवर अवलंबून, आणि कवेपेक्षाही त्याच्या मनावर.

मालदांडी ज्वारी मुळासकट उपटतात, कणसे खुडतात आणि उरलेल्या ताटांची पेंढी बांधतात. घरच्या बैलांसाठी बांधलेली पेंढी कशी गुटगुटीत असते! विकायची पेंढी मात्र चातुर्मास धरल्यासारखी दिसते. मजुरी शेकड्यावर ठरली असेल तर ती आणखी रोडावते. यात लबाड कोणीच नाही. ज्याचे त्याचे गणित बरोबर असते. उत्तर तेवढे उन्हाळ्यात गोठ्यात कळते.

आता ट्रॅक्टरमागे जोडायची गठ्ठे बांधणारी यंत्रे आली. यंत्राला आपपरभाव नाही, तेव्हा गठ्ठे तरी सारखे निघतील, असे वाटते. पण गठ्ठा घट्ट की सैल, हे ठरवणारा माणूसच. आणि भाडे नगावर ठरले की यंत्रालाही चातुर्मास लागतो! बरे, गठ्ठा मोठा करावा, तर तो उचलायला दुसरे यंत्र हवे. दोन म्हशींच्या गोठ्याला घरच्या बाईला उचलता येईल एवढाच गठ्ठा बरा.

राहिला प्रश्न बांधायचे कशात याचा. हिरवा मका कुट्टी करून, दाबून, प्लास्टिकमध्ये हवाबंद केला की सहाएक आठवड्यांत लोणच्यासारखा मुरतो. हाच मुरघास. हवा शिरली की नासला. कडब्याचे नेमके उलटे. ओलसर असताना प्लास्टिकमध्ये कोंडला, तर बुरशी धरते. तो नीट वाळवावा, सुतळीने बांधावा आणि पावसापासून झाकावा. रिझर्व्ह बँकेनेसुद्धा २००१ साली नोटांच्या पॅकेटांना पिना मारणे बंद करायला लावून कागदी पट्टी आणली. बांधणी आतल्या ऐवजाला मानवली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून कडबा घेताना मधल्या दहा पेंढ्या काट्यावर टाकाव्यात आणि मगच भावाचे बोलावे. विकणाराही मनातून खूश होईल. कारण गुटगुटीत पेंढी बांधणाऱ्याला जास्त दाम मिळण्याचा तोच एक मार्ग आहे. चारशे किलोच्या गायीला वैरण-पेंड मिळून दिवसाला दहाएक किलो कोरडा ऐवज लागतो. तिला पाढे येत नाहीत. शेकडा पुरा भरला, हे सांगून तिचे पोट भरत नाही.