दोघांच्या मधे

दार उघडं ठेवलं की चालतं, लावलं की अलार्म. जुलैत महाप्याच्या एका वर्कशॉपमधून मला एवढाच निरोप आला. जाऊन पाहतो तर व्हीएमसीच्या, म्हणजे उभ्या मशीनिंग सेंटरच्या, पॅनलचं दार सताड उघडं आणि समोर उभा पंखा. ठाणे-बेलापूर पट्ट्यात हे नेहमीचंच, तरी पाहिलं की माझा जीव तुटतो. खाडीची दमट हवा, आजूबाजूच्या केमिकल कारखान्यांची वाफ, मशीनभोवतीचं कूलंटचं धुकं, सगळं तो पंखा थेट कार्डांवर नेऊन बसवतो. कार्ड आज मरत नाही. ते हळूहळू गंजतं आणि बंद पडतं तेव्हा हा पंखा कोणाला आठवतही नाही.

निदान आधीच ठरलं होतं: झेडचा, म्हणजे वर-खाली जाणाऱ्या अक्षाचा, अँप्लिफायर तापतो, दार उघडल्यावर गार होतो. नव्याचं कोटेशनही येऊन पडलं होतं. पडद्यावर झेडच्या नावाने ४६० नंबर होता. फानुक कंट्रोलरवर या नंबराचा अर्थ एफएसएसबीचा संपर्क तुटला, एवढाच. कंट्रोलरपासून पहिल्या अँप्लिफायरला, तिथून दुसऱ्याला अशी ही ऑप्टिकल फायबरची साखळी असते. पंगतीत वाढपी मधेच थांबला तर पुढचं पान रिकामं राहतं, त्यात पानाचा काय दोष?

मी ऑपरेटरला विचारलं, "नेमका कधी येतो?"

"साहेब, सकाळी मशीन गार असतं तेव्हाही येतो. दार लावलं की लगेच."

तापण्याची गोष्ट तिथेच संपली. अलार्म सुरू झाल्यापासूनच्या चार दिवसांत हा प्रश्न त्याला कोणी केलाच नव्हता, याचं मला वाईट वाटलं. मशीनजवळ आठ तास उभं राहणाऱ्याइतकी मशीनची माहिती मॅन्युअलमध्येही नसते.

अँप्लिफायरवर एक छोटा डिस्प्ले असतो. सगळं ठीक असेल तर शून्य. साखळी तुटली की पुढची बाजू गमावलेला 'एल' दाखवतो, मागची गमावलेला 'यू'. पण मेन स्विच बंद केला की अक्षरं पुसली जातात, आणि इथे प्रत्येक जण सुरक्षेसाठी, म्हणजे योग्यच कारणासाठी, आधी स्विच बंद करून मग दार उघडत होता. या वेळी मी दार लावून अलार्म येऊ दिला, वीज चालू ठेवूनच दार उघडलं, हात मागे बांधले आणि नुसतं पाहिलं. पहिल्यावर एल, दुसऱ्यावर यू. दोघंही एकाच जागेकडे बोट दाखवत होते, आपल्या मधल्या हातभर फायबरकडे.

मग वीज बंद केली. दोनशे व्होल्टच्या ड्राइव्हमध्येही डीसी लिंकवर तीनशेच्या आसपास व्होल्ट साठलेले असतात, म्हणून चार्जचा दिवा विझून वर वीस मिनिटं होईपर्यंत थांबलो. या थांबण्यात मी कधीच घाई करत नाही. दारावरचा एसी बदलताना कोणीतरी त्याची वायर फायबरलाच केबल टायने आवळली होती. दार लागलं की ती वायर दुमडायची आणि फायबरला पीळ बसायचा. फायबरला तीव्र वाक सोसत नाही, त्यातला प्रकाश वळणावरच गळतो.

टाय कापला, नवी फायबर मोठ्या वळणाने, वायरपासून लांबून नेली. दार लावलं. झेड वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. ऑपरेटरने अर्धा तास जॉब चालवून पाहिला आणि मग पंखा उचलून आपल्या स्टुलाशेजारी नेऊन ठेवला.